उन्हातला देव

११ एप्रिल १९९९, रविवार

नॉर्वेहून कोणी एक साहेब विचारतो, "तुमचा पुढचा प्रवास कुठे?" अय्यो! पुढचा प्रवास तिरुप्पनंदाळ. टाउन बसनं. दुपारी जेवायला घरी!

इंटरनेटवरच्या माझ्या पेजवर अर्थात तसं लिहिलेलं नाही. तिथं मी वत्सला राव, 'स्वतंत्र प्रवासी फोटोग्राफर' आहे. खोटं काय त्यात? गळ्यात कॅमेरा अडकवला की मला आमचं कुंभकोणमसुद्धा परगाव वाटतं. मरुदानल्लूरच्या भजनाचे फोटो लावले, तर कोणी लिहिलं, "इतके जवळचे चेहरे मिळवायला तिथं किती वर्षं राहिलात?" राहतेय कशाला! मोपेडवर गेले, त्यांच्याबरोबर टाळ वाजवले, मग फोटो काढले. परक्यासारखं कोपऱ्यात उभं राहून चेहरे मिळत नसतात.

स्टुडिओ सोडला तेव्हा सगळे म्हणाले, लग्नांचे फोटो सोडून ही खाणार काय? खातेय की. पासपोर्टचे फोटो घरीच काढते, उरलेला वेळ माझा. बालकृष्ण भावजींचं कॉम्प्युटर सेंटर आहे, माझ्या थोरल्या बहिणीचे, वेंकाक्काचे यजमान ते. रविवारी क्लास नसतो. इंटरनेटसाठी तिरुचीचा फोन एकदा लागला की चार फोटो चढवायला सकाळ जाते, पण चढतात! मराठी अक्षरं त्या डब्याला येत नाहीत. म्हणून मी फोटोखालच्या ओळी कागदावर शाईनं लिहिते, त्याही स्कॅन करून चिकटवते. पुण्याच्या एका गृहस्थांनी कळवलं, "आपली मराठी वाचून पेशव्यांच्या कचेरीत बसल्यासारखं वाटलं." मी कळवलं, मग नीट बसा, पुढं अजून आहे.

एकटे अप्पा अजून पेज बघायला आलेले नाहीत. त्यांचं म्हणणं ठरलेलं — जगातली अस्की, सगळीच्या सगळी देवळं काढ, आपल्या वरदनारायणाकडं कॅमेरा न्यायचा नाही. गोपुरसुद्धा नाही. देऊळ मराठ्यांच्या काळापासून आमच्या घराकडं आहे आणि अप्पा धर्मकर्ते, देवळाचे विश्वस्त, त्यामुळं त्यांचा शब्द शेवटचा. का नाही, हे विचारायचीही सोय नाही. मला वाटतं त्यांना माझा कॅमेराच आवडत नाही.

मला एकच हवंय. अप्पांनी माझा एक तरी फोटो हातात धरून नीट बघावा.

१४ एप्रिल, बुधवार

तमिळ वर्षाचा पहिला दिवस. कडुलिंब-गुळाची पचडी खाताना अप्पा म्हणाले, "स्टुडिओवाले परत घेतील की तुला." कडू घास आला तो नेमका तेव्हाच!

१७ एप्रिल, शनिवार

आज एक युक्ती सुचली आणि ती इतकी झकास आहे की माझीच पाठ मला थोपटावीशी वाटते.

देवळाचं काम चालू आहे. जूनमध्ये कुंभाभिषेक, म्हणजे देवाची पुन्हा प्रतिष्ठा. काम सुरू व्हायच्या आधी बालालय झालं, म्हणजे देवाला मूर्तीतून मंत्रानं कलशात उतरवलं आणि कलशातून उंबराच्या फळीवरच्या चित्रात. सध्या पूजा, नैवेद्य, गाऱ्हाणी सगळं मंडपातल्या त्या फळीपुढं. गाभाऱ्यात गवंडी चढतात-उतरतात. वरच्या विमानाच्या, म्हणजे शिखराच्या, झिजलेल्या विटा काढल्यात, तिथून आकाश दिसतं. भर दुपारी आत ऊन पडतं! वरदनारायणाच्या अंगावर ऊन! आजवर समईपलीकडं काही पडलं नसेल त्याच्यावर.

पुजारी लक्ष्मीनारायण भट्टाचार फळीला फुलं घालत होते. आमच्याकडं येऊन त्यांना वर्षही झालेलं नाही. माझ्याच वयाचे, जरा भित्रे, पण शास्त्रात पक्के. मी तमिळमधून विचारलं, "स्वामी, आत आता कोण आहे?"

"कोणी नाही. शिळा आहे. नमस्कार इकडं करा."

"मग शिळेचा फोटो काढायला शास्त्राची हरकत?"

त्यांनी फूल हातात तसंच धरलं. म्हणाले, "शास्त्राची नाही. तुमच्या वडिलांची आहे."

सोमवारी अप्पा तिरुप्पनंदाळच्या मठात कुंभाभिषेकाचं निमंत्रण द्यायला जाणार आहेत. दिवसभर.

१९ एप्रिल, सोमवार

काढला!!

या आठवड्यात दुपारी सूर्य आमच्या गावाच्या बरोब्बर डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली मावते. गवंडी जेवायला गेले आणि आम्ही दोघं आत. विटा पडून इजा होऊ नये म्हणून अप्पांनी मूर्ती गोणपाट आणि जुन्या धोतरांत गुंडाळायला लावली आहे. गवंड्यांना सक्त ताकीद — सोडायची नाही. भट्टाचारांनी गाठी सोडल्या. मी उंबरठ्याबाहेरच उभी राहिले. शिळा असो की काही असो, उंबरठा तो उंबरठा.

धोतर खाली आलं आणि मी कॅमेरा विसरले. ऊन वरून सरळ अंगावर उतरलेलं. कपाळ, नाक, ओठांचा कोपरा — हसतोय तो! इतकी वर्षं समईत मला तो गंभीर वाटायचा. दागिने बँकेत आहेत, चांदीची कंठीसुद्धा, जी रोजच्या पूजेतही कधी काढत नाहीत. एकही अलंकार नसलेला, नुसता उभा, घरात उघड्या अंगानं बसलेल्या आजोबांसारखा.

चार-पाचच फोटो. ऊन सरकलं, भट्टाचार "पुरे, पुरे" करायला लागले, पुन्हा गाठी मारल्या. बाहेर येऊन मी फळीपुढं साष्टांग घातला. भट्टाचार म्हणाले, "मीही घालतो."

२१ एप्रिल, बुधवार

न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून छाप काढला. पाण्यात चेहरा हळूहळू वर आला, तेव्हा मी एकटीच मोठ्यानं "वा!" म्हणाले.

एक खोट. मानेवर आडवी काळी रेघ, केसाएवढी. निगेटिव्हला ओरखडा पडला की छापात अशी काळी रेघ येते. हा जुना कॅमेरा हल्ली तसा त्रास देतो. पण माझे हात स्टुडिओत तयार झालेत! किती नवऱ्यांच्या गालांवरचे फोड मी उतरवलेत. ब्लेडच्या टोकानं रेघ हलकेच खरवडली, बारीक ब्रशनं करडा रंग भरला. आता मान तुळतुळीत. देवालाही कळायचं नाही!

२५ एप्रिल, रविवार

चढवला. खाली लिहिलं, 'उन्हात वरदनारायण. देव सध्या शेजारच्या मंडपात आहे.' भावजी म्हणाले, "मामांना, तुझ्या अप्पांना, कोण सांगणार?" मी म्हटलं, "ते येतायत कशाला तुमच्या सेंटरात!"

२ मे, रविवार

डोक्यावर घेतलाय लोकांनी! सिंगापूर, नैरोबी, कुठून कुठून. नॉर्वेचा साहेब लिहितो, असा प्रकाश त्यानं जन्मात पाहिला नाही. टोरांटोच्या अलमेलू मामींचं माहेर आमच्याच वेशीत. त्यांनी फोटो छापून घेतला, देव्हाऱ्यात ठेवला, रोज साखरेचा नैवेद्य दाखवतात. मी कळवलं, "मामी, त्या वेळची ती नुसती शिळा आहे हो." त्यांचं उत्तर, "असू दे. हसते ना!"

९ मे, रविवार

आज काय झालं ते नीट लिहायला हवं, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

मद्रासहून एक कुटुंब हातात कागद घेऊन देवळात आलं — हा देव कुठला? कागद म्हणजे माझा फोटो. अप्पा तो कागद घेऊन घरी आले. मी निवडत होते ते तांदूळ तसेच ठेवून उभी राहिले. मनात म्हटलं, आता होऊन जाऊ दे, भांडायचंच आहे तर आज.

"बालालय झाल्यावर काढलास?"

"हो. उंबरठ्याबाहेरून."

"मूळ छाप दाखव."

आवाज चढलेला नव्हता. छाप दिला. तो घेऊन ते खिडकीशी गेले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ. किती वेळ! मग वळले तर डोळे भरलेले. अप्पांचे! माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "छान आलंय."

एवढंच. पण जेवताना रसम दोनदा मागून घेतलं. संध्याकाळी समितीत स्वतः सांगितलं म्हणे, कुंभाभिषेकाच्या पत्रिकेवर वत्सलेनं काढलेलाच फोटो घालायचा. ज्यांनी गोपुर काढू दिलं नाही त्यांनी!

मी वेंकाक्काकडं पळत गेले सांगायला. तिथं जाऊन रडलेच वेडीसारखी.

१० मे, सोमवार

छान आलंय! छान आलंय! छान आलंय!

१६ मे, रविवार

अप्पा बदललेत. सकाळी गुणगुणत असतात. काल तिरुनागेश्वरमला निघाले तर म्हणाले, "येतेस? कॅमेरा घे बरोबर." बसमध्ये शेजारच्याला सांगत होते, ही माझी धाकटी, हिचे फोटो फॉरेनला बघतात. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, ऐकू येत नाही असं दाखवून. सगळं ऐकत होते!

२० मे, गुरुवार

पत्रिका छापणाऱ्याला उभा फोटो हवा. आडव्याला दोन्हीकडून कापावं लागतं म्हणतो. त्याच फिल्मवर एक उभा आहे, जरा जवळून घेतलेला. दुपारी छापायला घेतला.

पाण्यात चेहरा वर आला. मान वर आली. मानेवर रेघ वर आली.

आधी चिडले कॅमेऱ्यावर. ब्लेड हातात घेतलं सुद्धा. आणि मग हात थांबला. फिल्मचा ओरखडा फिल्मच्या लांबीनं सरळ पळतो, एका फोटोतून दुसऱ्यात. पहिल्या वेळी कॅमेरा आडवा होता, या वेळी उभा. रेघही उभी यायला हवी होती. ही आडवीच. डाव्या कानाखालून निघते, मध्ये थोडी वाकते आणि पलीकडं जाते. दोन्ही फोटोंत मानेवरच, तश्शीच.

उरलेल्या निगेटिव्ह भिंगातून बघितल्या. सगळ्यांत आहे.

ओरखडा नाही हा. कंठीच्या आड, वर्षानुवर्षांच्या तेलाखाली, समईत कधी दिसला नसता. वरून ऊन पडलं म्हणून दिसला. आणि मी शहाणीनं खरवडून टाकला!

२१ मे, शुक्रवार

भट्टाचारांना फक्त म्हटलं, "मान बघायची आहे." अप्पा बाजारात गेले होते. पुन्हा गाठी सोडल्या. मी उंबरठ्यावरून बॅटरीचा झोत तिरपा धरला, त्यांनी मानेवरून नख फिरवलं. नख अडकलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं. ते तिथंच खाली बसले.

"मान तडकली असेल तर ही मूर्ती पूजेला चालत नाही," म्हणाले. "नदीत सोडायची. नवी घडवायची."

नदीत? तो हसणारा?

"दुसरं काहीच नाही?"

"तडा वरवरचा असेल तर मूर्ती घडवणारे स्थपती कदाचित सांधतील. ते त्यांनीच बघून सांगायचं. पण आत्ता. देव फळीवर आहे तोवर. एकदा कुंभाभिषेक झाला, देव आत आला, की मग तिथं छिन्नी लावायची नाही कोणी. आणि तडा तसाच ठेवून देवाला आत बोलवायचं, ते मंत्र मी कुठल्या तोंडानं म्हणू?"

"मग सांगा तुम्ही अप्पांना."

"फोटो कोणी काढला?" भित्रा म्हणाले होते मी या माणसाला.

२४ मे, सोमवार

वेंकाक्का म्हणते, गप्प बस. "इतकी वर्षं कोणाला दिसलं नाही, पुढंही दिसणार नाही. अप्पांचं वय बघ. मूर्ती गेली तर ते तिच्या मागं जातील." भावजी म्हणतात, पेजवर तर अखंडच आहे ना, मग झालं!

झालं कसं? मला काही सुचत नाही असं आजवर झालेलं नाही. मी ठरवते आणि करते. आता तीन दिवस नुसती पासपोर्टचे फोटो कापतेय. सांगितलं तर मूर्ती जाईल, आणि अप्पा माझं नाव टाकतील. नाही सांगितलं तर अप्पा असेच गुणगुणत राहतील, मला सगळीकडं घेऊन जातील. कोणाला नको असेल हे? मला तर फार हवंय. लाज वाटते लिहायला, पण मूर्तीपेक्षाही हवंय.

पण त्यांनी डोक्यावर हात ठेवला तो कुठल्या फोटोसाठी? मी काढलेल्या नाही. मी खरवडलेल्या. खरा फोटो त्यांनी अजून पाहिलेलाच नाही.

आणि मी चांगली फोटोग्राफर आहे. नॉर्वेच्या साहेबाला विचारा! चांगल्या फोटोग्राफरनं दिसलं ते दाखवायचं असतं. उद्या-परवा सांगते.

२६ मे, बुधवार

सांगितलं.

अप्पा मागच्या पडवीत केळीची पानं पुसत होते. मी दोन्ही छाप त्यांच्यापुढं ठेवले, खरवडलेला आणि नवा. बोलले सरळ. "अप्पा, मूर्तीच्या मानेला तडा आहे. पहिल्या फोटोतही होता. मला वाटलं फिल्मवरचा ओरखडा, म्हणून मी ब्लेडनं काढला. भट्टाचारांनी नख लावून बघितलंय. स्थपतींना दाखवायचं तर आत्ताच. माझी चूक आहे, मला काय बोलायचं ते बोला."

ओरडले नाहीत. तडा कुठं आहे, किती आहे, काहीच विचारलं नाही. पहिला छाप उचलला, मानेवर अंगठा ठेवला. त्यांना फक्त एकच विचारायचं होतं.

"ब्लेडनं?"

"हो."

"तू? तुझ्या हातानं?"

"हो, अप्पा."

त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं पडतील. हात धरायला गेले तर त्यांनी हात मागं घेतला. उठले, देवळाच्या दिशेनं चालत गेले. अंगावर उपरणं नाही, पायात चपला नाहीत. जेवायला आले नाहीत. मी पण जेवले नाही. संपलं सगळं. त्यांना आता माझा कॅमेरा डोळ्यांसमोर नको होईल, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

२७ मे, गुरुवार

सकाळी अप्पा माझ्या खोलीच्या दारात उभे. म्हणाले, "तडा मला ठाऊक होता, वत्सले. माझ्या वडिलांनी जाताना सांगितला होता. म्हणून कोणाचा कॅमेरा आत येऊ दिला नाही. तुझा तर नाहीच, तुझ्या कॅमेऱ्यातून काही सुटत नाही." मग म्हणाले, "त्या दिवशी तुझा फोटो पाहिला आणि रेघ नव्हती. मला वाटलं, फळीवर जाताना देवानंच भरून काढली. जन्मभराचं ओझं उतरलं ग."

मला रडूसुद्धा येईना.

गुरुमूर्ति स्थपती दहाला येतायत. अप्पांनीच निरोप पाठवलाय. नवा छाप त्यांनी स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाले, "तुझ्या त्या पेजवरचा काढ. हा लाव. बेगीन."

लावला.